गावाच्या संगणकजाळ्यात पत्ते कोण वाटतो?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबरची तार पोहोचली, भिंतीवर पेटी बसली आणि तिच्यावरील हिरवा दिवा लागला, की गाव जोडले गेले असा सर्वसाधारण समज आहे. अहवालापुरता तो खराही आहे. परंतु गावाच्या दृष्टीने खरे काम तेथून पुढे सुरू होते. त्या एका तारेवर कार्यालयातील संगणक, सेवा केंद्रातील छपाईयंत्र, शाळेची संगणक खोली, दवाखान्यातील नोंदीचा संच आणि चावडीपुढे उभ्या असलेल्या माणसांचे भ्रमणध्वनी या सर्वांचे काम चालायचे असते. यांतील प्रत्येक यंत्राला स्वतःचा असा पत्ता लागतो. पत्त्यावाचून पत्र पोहोचत नाही, तसा पत्त्यावाचून संदेशही पोहोचत नाही. हा पत्ता देतो कोण, तो परत केव्हा घेतला जातो आणि या व्यवहारात घोटाळा झाला तर गावातल्या गावात काय करता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय तांत्रिक वाटला तरी त्याचा परिणाम थेट माणसांवर होतो. खरीप पीक विम्याची मुदत सर्वसाधारणपणे जुलैअखेर संपते. त्या दिवसांत सेवा केंद्रापुढे सोयाबीन व कापूस उत्पादकांची रांग असते. अशा वेळी 'नेट बंद आहे' एवढे तीन शब्द ऐकून शेतकरी परत जातो. पुष्कळदा नेट बंद नसतेच. तार शाबूत असते, तालुक्याकडून संदेशही येत असतो. केवळ गावातील पत्त्यांच्या वाटणीत गोंधळ झालेला असतो. तो अर्ध्या तासात दूर होण्याजोगा असतो, पण गावात कोणाला ते ठाऊक नसते. म्हणून तक्रार नोंदवली जाते, तंत्रज्ञाची वाट पाहिली जाते आणि मुदत निघून जाते.

तार कशी आली

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजुरी दिली. कामासाठी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. २०१५ मध्ये योजनेला भारतनेट हे नाव मिळाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम राज्याकडे घेतले. तोच महानेट प्रकल्प होय. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश यावा म्हणून वर्तुळाकार जोडणीवर भर आहे.

राज्याला अशा कामाचा अनुभव नवा नाही. १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने जिल्हाधिकारी कार्यालये उपग्रहामार्फत जोडण्यास प्रारंभ केला होता. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत, संगणकाने जोडलेल्या गावांचा प्रकल्प सुरू झाला. तेथील संगणकांचे मुख्य काम उसाच्या नोंदीपुरते राहिले आणि पुढे त्यांच्या जागी भ्रमणध्वनीवरील संदेशांचा प्रयोग करण्यात आला. त्या अनुभवातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की यंत्र गावात नेणे सोपे आहे. त्या यंत्राची मालकी गावाच्या मनात रुजणे हे वेगळे काम आहे.

दोन प्रकारचे पत्ते

पत्त्याची कल्पना समजण्यासाठी टपाल खात्याचे उदाहरण उपयोगी पडते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची रचना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. बुलढाणा शहराचा पिनकोड ४४३००१ आहे. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो आणि पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्ह्याचे टपाल कोठे वर्गीकृत करायचे ते कळते. हा क्रमांक वरून येतो. गावाला तो बदलता येत नाही.

त्याच गावात दुसराही एक क्रमांक असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, प्रत्येक मिळकतीपुढे क्रमांक लिहिलेला असतो. तो ग्रामपंचायत देते. मिळकत क्रमांक १२ देऊळघाटात असेल, तसा तो शेजारच्या गावातही असेल, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. कारण त्या क्रमांकाला अर्थ आहे तो त्या गावच्या शिवेच्या आत.

संगणकाच्या जाळ्यातही नेमके हेच दोन प्रकार आहेत. इंटरनेटवरील सार्वजनिक पत्ता पिनकोडसारखा वरून मिळतो. आशिया व प्रशांत महासागर विभागासाठी अशा पत्त्यांची व्यवस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था पाहते आणि भारतापुरते ते काम २०१२ पासून आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी व्यवस्था करते. जुन्या पद्धतीचा, म्हणजे चौथ्या आवृत्तीचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकीच भरते. जगाच्या लोकसंख्येहून ती कमी आहे. जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी विभागीय संस्थांना वाटून संपले.

ही टंचाई आधीच ओळखून १९९६ मध्ये पत्त्यांच्या काही मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आल्या. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते मिळकत क्रमांकासारखे आहेत. देऊळघाटच्या शाळेतील एखाद्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१२ असेल, तसा तो मुंबईतील एखाद्या दुकानातील संगणकाचाही असेल. गावातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश राउटर नावाच्या यंत्रातून जातो. ते यंत्र आतील पत्ता काढून सार्वजनिक पत्ता लावते आणि उत्तर कोणाकडे परत द्यायचे याची टिपण ठेवते. कार्यालयातील जावक नोंदवही हेच काम करते: पत्र लिहिणारा लिपिक कोणीही असो, बाहेर जाताना त्यावर कार्यालयाचा शिक्का आणि जावक क्रमांक पडतो, आणि उत्तर आले की तो क्रमांक पाहून ते योग्य टेबलावर जाते.

येथे एक गोष्ट मनात पक्की करणे अगत्याचे आहे. पिनकोडचा अधिकार वरचा, मिळकत क्रमांकाचा अधिकार गावचा. संगणकजाळ्यातील आतील पत्त्यांचे व्यवस्थापन हे स्वभावतःच दुसऱ्या प्रकारचे काम आहे.

दवंडी आणि भाडेपट्टा

प्रारंभीच्या काळात प्रत्येक संगणकाला पत्ता हाताने लिहून दिला जाई. दहा यंत्रे असतील तोवर हे जमते. पुढे एखाद्याने दिलेला पत्ता दुसऱ्याला पुन्हा द्यावा, एखादे यंत्र मोडीत निघाले तरी त्याचा पत्ता अडकून पडावा, असे होऊ लागले. १९८५ मध्ये यंत्राने सुरू होतानाच आपला पत्ता विचारून घ्यावा अशी एक पद्धत निघाली. परंतु तिच्यात पत्त्यांची यादी माणसानेच आधी करून ठेवावी लागे. १९९३ मध्ये डीएचसीपी ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेत अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांचा प्रमुख वाटा होता. १९९७ मध्ये तिला आजचे स्वरूप आले आणि आज घरोघरी जे चालते ते हेच.

तिचे कामकाज गावाला परिचित आहे. नवीन यंत्र जाळ्याला जोडले, की ते आधी दवंडी पिटते: 'येथे पत्ता देणारे कोणी आहे काय?' त्याला अजून कोणाचाच ठिकाणा माहीत नसल्यामुळे सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देण्यावाचून गत्यंतर नसते. पत्ता देणारे यंत्र ती ऐकून उत्तर देते: 'अमुक पत्ता मोकळा आहे.' नवे यंत्र म्हणते, 'तोच मला द्यावा.' मग देणारा आपल्या यादीत नोंद करून मान्यता कळवतो. चार बोलण्यांत व्यवहार पुरा होतो आणि त्याला सेकंदभरही लागत नाही. पत्त्याबरोबरच बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता आणि नावांवरून पत्ते शोधून देणारा सेवक कोण, याचीही माहिती दिली जाते.

हा पत्ता कायम मालकीचा नसतो. तो मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. निम्मी मुदत सरली की यंत्र आपण होऊन नूतनीकरण मागते. उत्तर आले नाही तर आणखी काही काळ प्रयत्न करते. मुदत पूर्ण संपेपर्यंतही नूतनीकरण झाले नाही, तर पत्ता सोडून देते.

मुदत किती ठेवावी, याचा निर्णय दिसतो तितका किरकोळ नाही. १९२.१६८.१ या एका मालिकेत वापरता येण्याजोगे पत्ते २५४ असतात. त्यांतील काही कायमच्या यंत्रांसाठी राखले आणि समजा शंभर वाटपासाठी ठेवले. ग्रामसभेच्या दिवशी दीडशे माणसे खिशात भ्रमणध्वनी घेऊन येतात आणि सार्वजनिक वायफाय तेथेच असेल तर शंभरावा पत्ता सभेला सुरुवात होण्यापूर्वीच संपतो. मुदत चोवीस तासांची असेल तर माणसे घरी गेली तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात आणि सकाळी केंद्रचालकाचा स्वतःचा संगणक पत्त्यावाचून बसतो. अलीकडच्या भ्रमणध्वनींत आणखी एक गंमत आहे: खासगीपणासाठी ते जाळ्यागणिक आपली ओळख बदलतात आणि काही वेळा त्याच जाळ्यातही काळाच्या अंतराने बदलतात. देणाऱ्याला ते नवेच यंत्र वाटते आणि एकाच माणसाच्या नावे दोन पत्ते खर्ची पडतात. सार्वजनिक वायफायची मालिका वेगळी आणि मुदत तासाभराची ठेवावी, कार्यालयाची मालिका वेगळी आणि मुदत काही दिवसांची ठेवावी. एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

स्विच: गल्लीबोळांचा जाणकार

पत्ता देणारा आणि पत्ता घेणारा यांच्यामध्ये एक तिसरे यंत्र असते. त्याला स्विच म्हणतात. चार, आठ किंवा चोवीस खाचा असलेली ती चपटी पेटी असते. खाचेला व्यवहारात पोर्ट म्हणतात. कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे हे स्विच स्वतः शिकतो आणि संदेश फक्त तेथेच पोहोचवतो. अनेक पोर्टांचा असा पहिला स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याला सात पोर्ट होते आणि तो करणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'. भारतीय वंशाचे अभियंते विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. नाव त्यांनी पत्नीचे दिले होते. १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने ती विकत घेतली.

साधा स्विच जोडला की चालू होतो. त्याला कोणी काही विचारत नाही आणि तोही काही सांगत नाही. दुसऱ्या प्रकारच्या स्विचला मात्र स्वतःचाच पत्ता असतो. त्या पत्त्यावर संगणकावरून जाऊन कोणते पोर्ट चालू आहे, कोठे चुका होत आहेत, कोणाला परवानगी द्यायची हे पाहता व ठरवता येते. यालाच व्यवस्थापनक्षम स्विच म्हणतात. येथे नवख्या माणसाला चकवणारी एक बाब आहे. पुष्कळ स्विच कारखान्यातून निघतानाच एकसारखा पत्ता आणि एकसारखा परवलीचा शब्द घेऊन येतात. असे दोन नवे स्विच एकाच वेळी जाळ्यात लावले तर दोघांचा पत्ता एकच होतो आणि कोणाशी बोलणे चालले आहे हे कळेनासे होते. म्हणून एका वेळी एकच स्विच जोडावा, त्याचा पत्ता व परवलीचा शब्द बदलावा, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि मगच दुसरा जोडावा.

कारखान्यांतील आणि मोठ्या कार्यालयांतील जाळ्यांत याहून पुढची सोय असते आणि गावांनी तिच्याकडे अधिक लक्ष देणे जरूर आहे. तेथे पत्ता यंत्राला नव्हे, तर जागेला दिला जातो. नव्या यंत्राची दवंडी स्विचपाशी आली, की स्विच तिला एक टीप जोडतो: 'ही हाक माझ्या पाचव्या पोर्टवरून आली आहे.' देणारा ती टीप वाचतो आणि पाचव्या पोर्टसाठी ठरलेलाच पत्ता देतो. ही पद्धत जानेवारी २००१ मध्ये प्रमाणित झाली. तिचा फायदा असा, की एखादे यंत्र जळाले आणि त्याच पोर्टवर तशाच जातीचे दुसरे लावले, तर त्याला जुन्याचाच पत्ता आपोआप मिळतो. कार्यालयात माणूस बदलला तरी खुर्ची तीच राहते आणि पत्रे खुर्चीच्या नावे येत राहतात, त्यातलाच हा प्रकार. अभियंत्याची गरज उरत नाही. पेचकस धरता येणारा माणूस पुरतो.

अशी दृष्टी आपल्या देशातील ग्रामीण दूरध्वनीच्या कामात पूर्वी दिसून आली आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचे ग्रामीण दूरध्वनी केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धूळ व उन्हाळा सोसून ते चालावे आणि बिघडलेला भाग काढून नवा बसवला की काम पुढे चालावे, असा त्यामागील हेतू होता. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यातील फायबरच्या पेटीतही स्वयंचलित क्रमांकाची सोय आहे. तालुक्याकडील यंत्र आपल्या तारेवर नवीन पेटी आली काय हे ठरावीक वेळाने विचारते, पेटी आपला कारखान्याचा अनुक्रमांक सांगते आणि त्यावरून तिला त्या तारेपुरता क्रमांक मिळतो. हे काम वरचे आहे. त्यात गावाने हात घालू नये.

दोन वाटणारे

पत्ते वाटणे म्हटले की पारावरचा खेळ आठवतो. तेथेही एका डावात वाटणारा एकच असतो. दोघांनी दोन जोड वाटायला घेतले तर खेळ चालायचा नाही. गावच्या जाळ्यातील बहुसंख्य तक्रारींची मेख येथेच आहे.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटचे उदाहरण घ्यावे. पैनगंगेचा उगम ज्या डोंगरांत होतो त्यांच्या आश्रयाने वसलेले हे मोठे गाव आहे. पुढील मांडणी समजुतीसाठी कल्पिलेली आहे. परंतु मोठ्या गावात जाळे वाढते ते साधारणपणे असेच. ग्रामपंचायतीत फायबरची पेटी, तिच्यापुढे पत्ते वाटणारा राउटर, त्याला जोडलेला आठ पोर्टांचा स्विच. स्विचवरून एक तार सेवा केंद्राला, एक शाळेला, एक दवाखान्याला. शाळेत दुसरा स्विच आणि त्याला दहा संगणक. एके दिवशी शाळेत वायफाय हवे म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणतो आणि मोकळ्या पोर्टवर लावतो. हेतू चांगला असतो. परंतु तो राउटरही जन्मतः पत्ते वाटणारा आहे. आता दवंडी पिटली की दोन उत्तरे येतात आणि यंत्र सामान्यतः आधी आलेले उत्तर स्वीकारते. ज्याला नव्या राउटरचे उत्तर मिळाले, त्याला बाहेरचा दरवाजाही चुकीचा मिळतो. त्या दरवाजापलीकडे काहीच नाही.

या बिघाडाचे लक्षण फसवे असते. सर्व यंत्रे एकदम बंद पडत नाहीत. ज्यांची मुदत शिल्लक आहे ती चालतात; जी आज सकाळी सुरू झाली ती अडकतात. सेवा केंद्राचा एक संगणक चालतो, शेजारचा चालत नाही. मग संगणकाला दोष दिला जातो, विंडोज नव्याने टाकले जाते, तार बदलली जाते, आणि योगायोगाने एखादे वेळी आधीचे उत्तर खऱ्या देणाऱ्याकडून आले की सगळे 'आपोआप' सुरळीत होते. असा रोग बरा झाला असे वाटून पुन्हा उलटतो.

निदान मात्र सोपे आहे. बंद पडलेल्या संगणकाच्या नेटवर्क जोडणीच्या माहितीत त्याला मिळालेला पत्ता दिसतो. तो गावच्या ठरलेल्या मालिकेतील असेल तर वाटणी ठीक आहे; दोष पुढे, म्हणजे राउटरच्या पलीकडे किंवा तालुक्याच्या तारेत आहे. तो भलत्याच खासगी मालिकेतील असेल, तर गावात दुसरा वाटणारा शिरला आहे. आणि तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर यंत्राने दवंडी दिली पण कोणीच उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. तेव्हा तार, स्विच किंवा वाटणारे यंत्र बंद आहे असे समजावे. एवढी माहिती सरपंचालाही दूरध्वनीवरून सांगता येते आणि तालुक्याच्या तंत्रज्ञाचा निम्मा वेळ वाचतो.

बाहेरचा राउटर वापरायचाच असेल तर त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे, त्याच्या स्वतःच्या पत्त्याला गावच्या मालिकेतील वेगळा क्रमांक द्यावा आणि मगच तो जोडावा. व्यवस्थापनक्षम स्विच असेल तर आणखी पक्का उपाय आहे. खरा वाटणारा कोणत्या पोर्टवर आहे हे स्विचला सांगून ठेवता येते. अन्य पोर्टवरून कोणी पत्ता देऊ लागला तर स्विच ते उत्तर पुढे जाऊच देत नाही.

याच जातीचा दुसरा अपघात म्हणजे तारेचा फास. साफसफाईनंतर एखादी सुटी तार दिसते आणि तिची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली जातात. मग एकदा दिलेली दवंडी गोल फिरत राहते, वाढत जाते आणि सारे जाळे त्या आवाजाने भरून जाते. स्विचचे सर्व दिवे एकाच वेळी अखंड लुकलुकू लागले, तर हे ओळखावे. या फासावर रॅडिया पर्लमन या संशोधक महिलेने १९८५ मध्ये उपाय शोधला आणि चांगल्या स्विचमध्ये तो असतो. स्वस्त स्विचमध्ये पुष्कळदा नसतो. खरेदी करताना चारशे-पाचशे रुपये वाचवण्याच्या मोहात ही बाब विसरली जाते.

वाटणारा कोठे बसावा

सर्व गावांचे पत्ते तालुक्याच्या किंवा राज्याच्या केंद्रातूनच का वाटू नयेत, असा प्रश्न अधिकाऱ्यांकडून विचारला जातो. त्यात तथ्य आहे. एका ठिकाणी यादी राहिली तर देखरेख सोपी होते, सुरक्षिततेचे नियम एकसारखे राहतात आणि बनावट यंत्र लवकर सापडते. तांत्रिकदृष्ट्या ते शक्यही आहे. दवंडी शिवेबाहेर जात नाही हे खरे; पण शिवेवर एक निरोप्या बसवला, की तो ती ऐकून केंद्राकडे पोहोचवतो आणि उत्तर परत आणतो.

परंतु खेड्याची परिस्थिती पाहता ही व्यवस्था एकट्याने पुरी पडणारी नाही. रस्त्याच्या कामात फायबर तुटते, ते जोडायला कधी दिवस लागतात. तेवढ्यात भाडेपट्ट्यांची मुदत संपली आणि वाटणारा तारेच्या पलीकडे राहिला, तर गावातील यंत्रे एकमेकांशीही बोलेनाशी होतात. बाहेरचे जग बंद झाले हे समजण्यासारखे आहे. पण शेजारच्या खोलीतील छपाईयंत्रावर कागद निघू नये, शाळेच्या संगणकात साठवलेले पाठ वर्गातील संगणकांना मिळू नयेत, याला काही कारण नाही. म्हणून फायबरची पेटी व तिच्यापर्यंतचे सर्व क्रमांक वरच्या यंत्रणेकडे, आणि पेटीच्या अलीकडील पत्त्यांची वाटणी गावातच, अशी विभागणी अधिक शहाणपणाची ठरते. केंद्राने गावच्या यादीकडे पाहावे, नमुना ठरवून द्यावा, चूक दिसली तर कळवावे. पण यादी गावातील यंत्रातच राहावी.

नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांमुळे हा सगळा प्रश्न मिटेल असेही म्हटले जाते. त्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही आणि राउटरने मालिका सांगितली, की यंत्र उरलेला भाग स्वतः जुळवून घेते. तथापि मालिका सांगणारा चुकीचा असला तर गोंधळ तोच होतो. दवंडीला उत्तर देणारा एकच असावा, हा नियम तेथेही सुटत नाही.

आता हे काम गावात कोणी करावे? नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. सेवा केंद्राचा चालक दिवसभर यंत्रापुढे असतो. शाळेत संगणक शिकवणारा एखादा शिक्षक असतो. या दोघांना एका दिवसाच्या प्रशिक्षणात पत्ता वाचणे, दुसरा वाटणारा शोधणे, फास ओळखणे आणि राउटरच्या मांडणीची प्रत काढून ठेवणे एवढे शिकवता येईल. शिक्षकांना त्यातून पाठही मिळतो. इयत्ता आठवीच्या वर्गात एका मुलाने वाटणारा व्हावे, बाकीच्यांनी दवंडी द्यावी, चिठ्ठ्यांवर क्रमांक व मुदत लिहून वाटाव्यात. आणि मग गुपचूप दुसऱ्या मुलालाही चिठ्ठ्या वाटू द्याव्यात. पाच मिनिटांत वर्गात जो गोंधळ उडतो त्यावरून जाळ्यातील बिघाड मुलांना चांगला उमगतो.

लेखी साधन म्हणून एक वही पुरेशी आहे. तिच्या पहिल्या पानावर जाळ्याचा नकाशा असावा: कोणती पेटी कोठे, कोणती तार कोणत्या पोर्टवर. पुढे कायमच्या यंत्रांची यादी. यंत्राचे नाव, जागा, कारखान्याचा ओळखक्रमांक, दिलेला पत्ता आणि तारीख. वाटपाची मालिका कोठून कोठपर्यंत आहे आणि मुदत किती, हेही तेथेच लिहावे. छपाईयंत्र, स्विच आणि हजेरीयंत्र यांचे पत्ते वाटपाच्या मालिकेबाहेर ठेवावेत, म्हणजे चुकून ते दुसऱ्या कोणाला दिले जाणार नाहीत. नवे यंत्र आले की आधी वहीत ओळ, मग तार. परवलीचा शब्द मात्र या वहीत लिहू नये आणि कारखान्याचा मूळ शब्द तसाच ठेवणे तर सर्वात वाईट. तो शब्द त्या कंपनीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असतो.

परवलीच्या शब्दाची व्यवस्था कशी ठेवावी, याचे उत्तर कार्यालयीन परंपरेतच आहे. तो बंद लिफाफ्यात, सहीशिक्क्यासह, रोकड पेटीजवळ ठेवावा आणि उघडल्यास तारीख नोंदवावी. ग्रामसेवक, म्हणजे आजच्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकारी, बदलून जातात. केंद्रचालक काम सोडतो. आणि राउटरचा शब्द त्याच्याबरोबर निघून जातो. मग नव्या माणसाला यंत्र मूळ स्थितीत आणण्यावाचून इलाज राहत नाही आणि आधीची सारी मांडणी पुसली जाते. कार्यभार सोपवताना दप्तर, पावतीपुस्तके व शिक्के यांची यादी होतेच; तिच्यात जाळ्याची वही, राउटरच्या मांडणीची प्रत आणि तो लिफाफा अशा तीन बाबी वाढवाव्यात आणि घेणाऱ्याने लिफाफ्यातील शब्द चालतो हे यंत्रावर पाहूनच सही करावी.